कॅलथ्रॉपचा हिशेब

परदेशी जाऊन स्थिरावलेल्या अभियंत्याविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिचा सारा रोख त्याच्या मुक्कामावर असतो. तो विमानांच्या कारखान्यात नोकरीला लागला, की गावच्या सत्कारसमारंभात त्याच्या नावाचा जयघोष होतो; आईवडिलांच्या आजारपणात त्याला येता आले नाही, की तीच माणसे त्याच्या विद्येचा उद्धार करू लागतात; आणि या दोन्ही प्रसंगी तो मनुष्य तेथे नेमके करतो काय, त्याच्या हातून घडलेल्या कामावर कोणाचा जीव अवलंबून असतो, याची विचारपूस करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सोलापूर जिल्ह्यातील ज्या गावांची मुले पुण्याला आणि पुण्याहून पुढे साता समुद्रांपलीकडे जातात, त्यांत कुर्डुवाडीही मोडते. परंतु कुर्डुवाडीला या प्रश्नाची दुसरी बाजूही पारखता यावी, कारण या गावाच्या उत्कर्षाला ज्या छोट्या रेल्वेने हातभार लावला, ती परमुलखातून आलेल्या एका अभियंत्याच्या बुद्धीतून निघाली. आणि तोच अभियंता उत्तर आयुष्यात विमानातून खाली पडणाऱ्या माणसाला जिवंत जमिनीवर कसे उतरवावे, या विवंचनेने झपाटला गेला.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हे त्यांचे नाव. इंग्लंडातील एका शेतकऱ्याच्या घरी १८५७ साली ते जन्मले. क्रू येथील रेल्वेच्या कारखान्यात १८७४ पासून त्यांनी उमेदवारी केली, आणि १८८२ साली जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या चाकरीत इंजिनांचे निरीक्षक म्हणून ते हिंदुस्थानात दाखल झाले. मुंबईहून दक्षिणेकडे जाणारा रुंदमापी लोहमार्ग सोलापुरास पोहोचून तेव्हा वीसएक वर्षे लोटली होती; तथापि ज्या बाजारपेठांना बगल देऊन तो मार्ग गेला होता त्यांची अवस्था मोठी चमत्कारिक होती. बार्शीची पेठ कापसाची आणि गळिताच्या धान्याची, इलाख्यात नावाजलेली. पण तिचे स्टेशन मात्र एकवीस मैल दूर, कुर्डुवाडीस, आणि त्या स्टेशनाचे नाव ‘बार्शी रोड’. या एकवीस मैलांत बैलगाडीखेरीज साधन नव्हते, आणि काळ्या रानातून पावसाळ्यात गाडी हाकणे म्हणजे काय, हे माढा-बार्शीकडच्या कोणत्याही शेतकऱ्यास सांगावयास नको. मुंबईचा भाव बार्शीच्या व्यापाऱ्याला एका दिवसात कळत असे, परंतु त्याचा माल स्टेशनापर्यंत पोहोचेतो तो भाव तसाच राहील याची हमी कोणीच देऊ शकत नसे.

मोठ्या रेल्वेला परवडत नाही, आणि बैलगाडीला झेपत नाही, अशा या मधल्या मुलखासाठी कॅलथ्रॉप यांनी हलक्या फाट्यांची योजना आखली. मार्गाची पाहणी, सरकारदरबारी अर्ज, भांडवलदारांची मनधरणी, मुदतींवर मुदती, या चक्रात कित्येक वर्षे गेली; मधल्या काळात त्यांनी जी.आय.पी.ची नोकरी सोडली, १८९० साली त्यांचा विवाह झाला, आणि १८९२ साली ते सल्लागार अभियंता म्हणून मायदेशी परतले. अखेर १८९५ साली करारनामा होऊन लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी हा अडीच फूट रुंदीचा रस्ता वाहतुकीस खुला झाला. पुढे हीच वाट १९०६ साली पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस जाऊन भिडली. एकंदर लांबी दोनशे मैलांच्या वर गेली. आषाढी-कार्तिकीला पंढरीची वाट धरणाऱ्या वारकऱ्यांच्या किती पिढ्यांनी कुर्डुवाडीस मोठ्या गाडीतून उतरून ‘बार्शी लाइट’मध्ये जागा धरली असेल, याची मोजदाद करणे अशक्य आहे.

या रेल्वेचे कौतुक तिच्या चिमुकल्या रूपावरून करण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुतः कौतुक करावयाचे तर तिच्या गणिताचे केले पाहिजे. कॅलथ्रॉप यांनी एकच नियम पायाभूत धरला होता, आणि तो असा, की इंजिन असो, मालाचा डबा असो वा उतारूंचा, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. हा नियम वरवर पाहता साधा दिसतो, परंतु रेल्वेच्या अर्थशास्त्राची किल्ली त्यात आहे. रूळ किती जाड हवेत, पुलांना किती बळ हवे, भरावाखाली किती दगडमाती लागेल, हे सारे त्या एका आसावरच्या सर्वांत जड भारावरून ठरते. एरव्ही इंजिन हे गाडीतले सर्वांत जड वाहन असल्याने त्या एका वाहनाकरिता साऱ्या रस्त्याची किंमत चढते. कॅलथ्रॉप यांनी इंजिनाचे ओझे जोडलेल्या आठ चाकांवर आणि त्यांमागील चार चाकांवर असे विभागले, की वारभर लांबीला अवघे तीस पौंड वजनाचे रूळही ते निभावून नेत. लीड्सच्या किटसन कारखान्यात ही इंजिने तयार झाली. डब्यांचे सांगाडे दाबीव पोलादाचे केले, म्हणजे डब्याचे मृत वजन कमी होऊन त्याच पाच टनांत मालाचा वाटा वाढला. भार नाहीसा करता येत नाही; तो समान वाटता मात्र येतो, आणि समान वाटला म्हणजे दुबळ्या रुळांवरूनही पुष्कळ वाहून नेता येते, हा या साऱ्या रचनेचा मथितार्थ होता. गरीब मुलखाला परवडेल अशी विद्या कशी घडवावी, याचा इतका निर्मळ धडा त्या काळच्या स्थापत्यात क्वचितच सापडतो.

येथे कोणी म्हणेल, की गोऱ्या साहेबांची ही स्तुती स्वतंत्र देशाच्या वर्तमानपत्रात शोभते काय? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. कंपनी लंडनची, भागधारक तेथील, ताळेबंद मंजूर व्हावयाचा तो तेथील सभेत. आणि सोलापूर जिल्ह्याने ज्या सालांत दुष्काळाचे चटके सोसले त्याच सालांत या मातीवर तो रस्ता पडला. भराव ज्यांनी घातले, खडी ज्यांनी फोडली आणि स्लीपर ज्यांनी डोक्यावरून वाहिले, त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत कोणी छापली नाहीत. अरुंद रस्त्याचा एक अंगभूत दोषही कुर्डुवाडीनेच वर्षानुवर्षे आपल्या पाठीवर वागवला: लहान डब्यातला माल उतरवून मोठ्या डब्यात भरणे हे काम माणसाच्या पाठीवाचून होत नव्हते, आणि त्या पाठी येथल्या हमालांच्या होत्या. खुद्द कॅलथ्रॉप यांना हा दोष ठाऊक होता. इंग्लंडात स्टॅफर्डशर परगण्यात त्यांनी लीक व मॅनिफोल्ड नावाची तशीच अरुंद रेल्वे १९०४ साली उभारली, तेव्हा रुंद मापाचा भरलेला डबा जसाच्या तसा अरुंद रुळांवरून वाहून नेणाऱ्या खास वाहक गाड्या त्यांनी तेथे चालविल्या; तेथल्या एका इंजिनास तर त्यांचेच नाव दिलेले होते. कुर्डुवाडीत मात्र मालाची चढ-उतार चालूच राहिली. ही रेल्वे १९५४ साली सरकारने ताब्यात घेतली, आणि नव्या शतकाच्या आरंभीच्या दशकात एकेक टप्पा करीत पंढरपूर, लातूर व मिरज या वाटा रुंद झाल्या, तेव्हा कुठे त्या दोषाचे परिमार्जन झाले. तात्पर्य, जमा आणि खर्च या दोन्ही बाजू मांडल्यावाचून कॅलथ्रॉप यांचा हिशेब पुरा होत नाही. परंतु खर्चाची बाजू मोठी आहे म्हणून जमेची पाने फाडणे हा हिशेब ठेवण्याचा प्रकार नव्हे.

जमेच्या बाजूला जी सर्वांत मोठी रक्कम मांडावयाची, तिचा कुर्डुवाडीशी वरवर काहीच संबंध नाही. रोल्स-रॉइस या विख्यात कंपनीचे एक संस्थापक चार्ल्स रोल्स हे कॅलथ्रॉप यांचे स्नेही होते. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथील विमानसभेत हजारो प्रेक्षकांच्या देखत रोल्स यांच्या विमानाचे शेपूट मोडले आणि जमिनीपासून फारशी उंची नसताना ते कोसळून त्यांचा अंत झाला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात प्राण गमावणारे ते पहिले इंग्रज. विमानविद्या तेव्हा नुकती कोठे पाऊल टाकीत होती, आणि असल्या मृत्यूंकडे ‘साहसाची किंमत’ म्हणून पाहण्याची रीत पडू लागली होती. कॅलथ्रॉप यांनी ती रीत मान्य केली नाही. त्यांचे वय तेव्हा त्रेपन्न वर्षांचे. नाव, व्यवसाय, संसार सर्व मार्गी लागलेले. पुढील काळात त्यांनी आपले लक्ष, वेळ आणि पैसा हवाई छत्रीकडे वळविला, आणि तिला ‘गार्डियन एंजल’ असे नाव दिले.

तिची रचना पाहिली म्हणजे कुर्डुवाडीच्या पाच टनांचा नियम घालणारा हाच तो मनुष्य, हे चटकन ध्यानी येते. बलूनमधून उतरण्याच्या छत्र्या त्यापूर्वीही होत्या. परंतु विमान वेगाने पुढे धावत असते, तेव्हा उडी मारणाराच्या अंगाभोवती दोऱ्या गुंतणे, रेशमाच्या घड्या वाऱ्याने एकमेकींत अडकणे, छत्री उशिरा किंवा एकाएकी उघडून अंगाला जीवघेणा हिसका बसणे, हे धोके होते. कॅलथ्रॉप यांनी रेशमी छत आणि दोऱ्या एका चपट्या डब्यात अशा शिस्तीने रचल्या, की माणसाने उडी घेतली म्हणजे त्याच्याच देहाच्या भाराने ती क्रमाक्रमाने ओढली जावी, प्रथम दोऱ्या ताणल्या जाव्यात, मग छत उलगडावे, आणि भार सर्व दोऱ्यांत वाटला जाऊन कोणत्याही एकीवर अतिरिक्त ताण पडू नये. डबा विमानाच्या अंगाला बांधलेला राही; उडी मारणाराने काही ओढावयाचे, आठवावयाचे वा मोजावयाचे नव्हते. भांबावलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबून राहावयाचे नाही, त्याची सुटका यंत्राच्या शिस्तीतूनच व्हावी, हा आग्रह त्या रचनेत उघड दिसतो. आजही कोणत्याही सुरक्षायंत्राची परीक्षा याच निकषावर करावी लागते.

१३ जानेवारी १९१७ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ऑर्फर्डनेस येथे क्लाइव्ह कॉलेट नावाच्या न्यूझीलंडच्या वैमानिकाने सहाशे फुटांवरून विमानातून उडी घेतली आणि तो सुखरूप उतरला. त्याच वर्षी मेजर ऑर्ड-लीस, जे शॅकलटन यांच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेतून जिवंत परतले होते, त्यांनी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून सुमारे दीडशे फुटांवरून टेम्स नदीत उडी टाकली, कारण इतक्या थोड्या उंचीतही ही छत्री उघडते हे लोकांना आणि सरकारला प्रत्यक्ष दाखवावयाचे होते. एवढी रुजवात पटल्यावर पहिल्या महायुद्धात रोज मरणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांना ही छत्री तात्काळ मिळाली असेल, असे आपल्याला वाटेल. ती मिळाली नाही. बलूनमधल्या निरीक्षकांना छत्र्या होत्या. शत्रूच्या प्रदेशात हेर उतरविण्यासाठी कॅलथ्रॉप यांची छत्री वापरली गेली. परंतु लढाऊ विमानाच्या वैमानिकाला मात्र ती नाकारण्यात आली. छत्रीचे वजन दुर्बल इंजिनांना पेलवत नाही, बसण्याच्या जागेत ती मावत नाही, गिरक्या घेणाऱ्या विमानात तिच्या दोऱ्या अडकतील, ही कारणे पुढे केली गेली. त्यांत तथ्यांश होता हे मान्य केले पाहिजे. परंतु याच्याही पलीकडचा एक युक्तिवाद त्या काळच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नावावर सांगितला जातो: सुटकेचा मार्ग हाताशी असला, तर वैमानिक लढण्याऐवजी विमान सोडून देईल. तोच १९१८ साली जर्मनांनी आपल्या वैमानिकांना छत्र्या देण्यास प्रारंभ केला, आणि जळत्या विमानातून उतरून तेच वैमानिक पुन्हा लढावयास आले. ब्रिटिशांनी मागणी नोंदविली तोवर युद्ध संपत आले होते. पहिली उडी घेणारा तो कॉलेट १९१७ च्या डिसेंबरात, शत्रूकडून हस्तगत केलेल्या विमानाची चाचणी घेत असताना, स्कॉटलंडच्या समुद्रात कोसळून मरण पावला. वैमानिकांना छत्री देण्याचा हुकूम तेव्हाही सुटलेला नव्हता.

यापुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. १९१९ साली अमेरिकेत लेस्ली आर्विन यांनी, वैमानिकाने स्वतः दोरी ओढून उघडावयाची, विमानास न जोडलेली छत्री यशस्वी करून दाखविली. विसाच्या दशकाच्या मध्यास ब्रिटिश हवाईदलानेही तीच स्वीकारली. गिरक्या खाणाऱ्या विमानापासून आधी दूर व्हावे आणि मग छत्री उघडावी, या दृष्टीने आर्विन यांची योजना सरस होती, आणि कॅलथ्रॉप यांच्या रचनेची उणीव नेमकी तेथेच होती. ३० मार्च १९२७ रोजी, मिरजेची वाट पुरी व्हावयाची त्याच वर्षी, कॅलथ्रॉप यांचे लंडनमध्ये निधन झाले. आपण आयुष्याचा उत्तरार्ध वाहिला ती वस्तू मागे पडलेली त्यांनी पाहिली होती. परंतु वैमानिकाजवळ छत्री असलीच पाहिजे, ही गोष्ट कोणाला पटवून द्यावी लागावी असा काळ उरला नव्हता, हेही त्यांनी पाहिले होते. शोधकाचे यंत्र हरते आणि त्याचा आग्रह जिंकतो, असे विद्येच्या इतिहासात पुष्कळदा घडते. गावोगावच्या सत्कारसमारंभांत मात्र केवळ जिंकलेल्या यंत्रांचीच वर्णने ऐकू येतात, ही गोष्ट वेगळी.

कॅलथ्रॉप हे प्रपंचात रमलेले गृहस्थ होते. लंडनच्या वेशीवर, एपिंगच्या अरण्यालगत लाउटन येथे ‘गोल्डिंग्ज’ नावाच्या घरात त्यांचा पत्नी व मुलांसह संसार होता. अरबी घोड्यांची त्यांना विलक्षण आवड. घोड्याला चाबकाने नमविण्यापेक्षा विश्वासाने आपलेसे करावे, हे मत मांडणारे ‘द हॉर्स, ॲज कॉम्रेड अँड फ्रेंड’ नावाचे पुस्तक त्यांनी १९२० साली प्रसिद्ध केले. सर गाय कॅलथ्रॉप हे त्यांचे धाकटे बंधू, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे सरव्यवस्थापक. १९१९ साली त्या भयंकर इन्फ्लुएन्झाच्या साथीत ते गेले. स्नेही विमानाने नेला, भाऊ साथीने नेला, आणि भोवतालच्या घराघरांतून युद्धाने तरुण मुले नेली. अशा काळात ज्याचे चित्त सारखे ‘हा मनुष्य घरी परत कसा येईल’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले, त्याचे कुटुंबप्रेम त्याच्या दिवाणखान्यापुरते उरले नव्हते, असा निष्कर्ष मी काढला तर तो अतिशयोक्त ठरू नये.

कुटुंबवत्सल अभियंता असा शब्दप्रयोग आपण मृत्युलेखात करतो, तो बहुधा दोन स्वतंत्र गुणांची बेरीज म्हणून: कचेरीत हुशार आणि घरी प्रेमळ. मला ही बेरीज अपुरी वाटते. ज्याने घर जवळून पाहिले आहे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढली आहे, उशीर झाला म्हणून दाराशी खोळंबलेली माणसे ज्याला परिचित आहेत, त्याच्या आकडेमोडीत सुरक्षिततेची मर्यादा वेगळ्या प्रकारे शिरते. पूल बांधताना त्यावरून जाणारी गाडी त्याला टनांत दिसते तशी माणसांतही दिसते. उलट, सुटकेचा मार्ग मिळाला तर वैमानिक लढणार नाही, असे म्हणणारा अधिकारी वैमानिकाला घर नसलेला प्राणी समजत होता. येथे दोन मने समोरासमोर उभी होती, आणि त्यांतले एक मन संसारी माणसाचे होते. म्हणून कुटुंबवत्सलता हा अभियंत्याचा खासगी गुण आहे, त्याचा धंद्याशी संबंध नाही, ही समजूत आपण सोडून द्यावी. तो धंद्याचाच गुण आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. कॅलथ्रॉप हिंदुस्थानात राहिले ते दहाएक वर्षे. पुढे ते आपल्या मुलखात परतले, आणि त्यांची हवाई छत्री तर तिकडेच जन्मली. तरीही कुर्डुवाडीकर त्यांना ‘सोडून गेले’ असा बोल लावीत नाहीत, कारण परक्याकडून आपण मुक्कामाची अपेक्षाच केलेली नसते. त्याचे काम पाहतो आणि कामापुरते ऋण मानतो. हीच मोकळीक आपल्या मुलांना देण्याचे औदार्य आपल्याजवळ का असू नये? कोल्हापूरकडचे विष्णु माधव घाटगे जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकले, परत आले, आणि बंगळुरात त्यांनी रेखाटलेले एच.टी.-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली आकाशात चढले. वसंत गोवारीकर इंग्लंडात अग्निबाणाच्या इंधनावर काम करीत होते. १९६७ साली विक्रम साराभाई यांच्या बोलावण्यावरून ते थुंब्याला आले आणि घन इंधनाच्या विद्येत त्यांनी देशाला स्वतःच्या पायांवर उभे केले. या दोघांचे परत येणे निःसंशय वंदनीय आहे. परंतु ते वंदनीय ठरले ते परत येऊन त्यांनी जे केले त्यामुळे. तिकीट काढून परत येणे हा काही स्वतंत्र पुरुषार्थ नव्हे. परत येऊन हात बांधून बसलेली माणसेही आपल्या माहितीत आहेत. आणि जो मराठी अभियंता सिॲटल किंवा टूलूझ येथे राहून विमानाच्या पंखातील तडे हुडकण्याची पद्धत सुधारतो, त्याच्या विद्येचा लाभ पुण्याहून दिल्लीला विमानाने जाणाऱ्या कुर्डुवाडीच्या माणसालाही मिळतच असतो. ते विमान तिकडच्याच कारखान्यात बनलेले असते.

तरीही गाव सोडलेल्याचे काही देणे उरत नाही, असे मला म्हणावयाचे नाही. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेने अक्षरे गिरवून घेतली, ज्या आईबापांनी जमीन गहाण टाकून पुण्याची फी भरली, त्यांचे देणे आहेच, आणि ते पैशांच्या हुंडीने पूर्णपणे फिटत नाही. म्हाताऱ्या आईची दवाखान्यात ने-आण शेजारचा पोरगा करतो आणि चिरंजीव फोनवरून वैद्यकीय सल्ला देतात, हे दृश्य आता अपवादाचे राहिलेले नाही. परंतु हा ज्याच्या-त्याच्या घरचा जमाखर्च आहे; त्यावरून त्याच्या विद्येचे मोल ठरवू नये, आणि त्याच्या विद्येच्या मोठेपणाने या घरच्या बाकीवर शून्यही मारू नये. दोन्ही खाती वेगळी ठेवावीत, दोन्हींची वसुली करावी. आपण ती एकत्र करतो आणि मग कधी अतोनात गौरव तर कधी अतोनात निंदा, असा घोळ होऊन बसतो.

याकरिता माझी सूचना अगदी व्यवहारातली आहे. कुर्डुवाडीच्या स्टेशनात, गाड्यांची वाट पाहत जेथे हजारो माणसे रोज बसलेली असतात तेथे, नगरपरिषदेने आणि रेल्वेने मिळून मराठीत लिहिलेला एक ठळक, वाचनीय फलक लावावा, आणि त्यावर हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. जमेच्या बाजूस पाच टनांचा नियम चित्रासह समजावून द्यावा, पंढरपूर, लातूर आणि मिरज या वाटांची साले द्यावीत, आणि त्याच अभियंत्याने पुढे हवाई छत्री कशी घडविली ते सांगावे. खर्चाच्या बाजूस कंपनी कोणाची होती, नफा कोठे गेला, आणि पाठीवर ओझे कोणी वाहिले, हे आडपडदा न ठेवता लिहावे. या छोट्या रेल्वेच्या कारखान्यात आणि लाइनीवर ज्यांच्या घरच्या दोन-तीन पिढ्या खपल्या, त्या कुटुंबांकडे पगाराची पत्रके, सेवेचे दाखले आणि जुनी छायाचित्रे आजही पेटीत पडून असतील. ती मागून घेऊन त्यांच्या प्रती कराव्यात आणि इतिहासाने न छापलेली नावे त्या फलकाशेजारी लावावीत. साहेबाचा पुतळा उभारण्याचे काही कारण नाही. पुतळ्याला हार घातला जातो, आणि हिशेब मात्र कोणी वाचीत नाही.

दुसरी सूचना शाळा-महाविद्यालयांसाठी. ज्या मार्गाने कॅलथ्रॉप यांची छोटी गाडी लातुरास गेली, त्याच मार्गावरच्या लातुरात आज रेल्वेचे डबे बनविणारा कारखाना उभा आहे. आणि भारतीय माणसाला अवकाशात नेऊन परत आणावयाच्या गगनयान मोहिमेची २१ ऑक्टोबर २०२३ रोजी जी चाचणी झाली, तीत अंतराळवीरांची कुपी समुद्रात अलगद उतरली ती आग्र्याच्या संरक्षण प्रयोगशाळेने घडविलेल्या हवाई छत्र्यांच्या आधाराने. म्हणजे आसावरचा भार आणि दोरीवरचा ताण, ही दोन्ही गणिते आपल्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याच्या भविष्यात प्रत्यक्ष पोट भरण्याच्या कामी येणारी आहेत. ती त्याला कुर्डुवाडीच्या उदाहरणाने शिकवावीत. ही गणिते मांडणारा परदेशी अभियंता आपल्या स्टेशनावरून गेला होता, एवढे कळले तरी अभियांत्रिकी ही दूरच्या कोणा थोरांची मिरास आहे ही भीती निम्मी ओसरते.

आणि हा विद्यार्थी उद्या शिकून मोठा होऊन बंगळुरास राहिला, आग्र्यास गेला किंवा अटलांटिकच्या पलीकडे स्थायिक झाला, तर गावाने त्याला पहिला प्रश्न ‘परत कधी येणार?’ असा करू नये. तो त्याची आई करीलच, आणि तो तिचा अधिकार आहे. गावाने त्याला विचारावे, की बाबा रे, तू केलेल्या कामाच्या भरवशावर कोण कोण सुखरूप घरी पोहोचते? या प्रश्नाचे धड उत्तर ज्याच्याजवळ असेल, तो जेथे असेल तेथे आपला आहे. आणि ज्याच्याजवळ ते नसेल, तो आपल्या गल्लीत राहत असला तरी त्याच्या सत्काराची घाई करण्याचे प्रयोजन नाही.